अकरा पावलं

फाटकाजवळ गवत नव्हतं, एवढीच गोष्ट. बाकी आवारभर ते होतं, नको तिथंही होतं, गटाराच्या झाकणांच्या फटींतून, पायऱ्यांच्या सांध्यांतून वर आलेलं. पण लोखंडी फाटकाच्या आत, डाव्या हाताला, पलंगाएवढा एक तुकडा साफ उघडा पडला होता. कुठल्याही जमिनीत मी एक सळई बोटभर खुपसून बघते. इथं ती टण्णकन उडाली आणि मनगटाला झिणझिण्या आल्या, इतकी माती घट्ट झालेली. इमारतीच्या दारापासून या तुकड्यापर्यंत एक बारीक वाट गवतातून तिरकी आली होती. फरशीची वाट होती की, चांगली रुंद, डौलदार वळसा घेतलेली, दोन्ही बाजूंना कुंड्या मांडलेली. तिच्यावर शेवाळं धरलं होतं. तिथली म्हातारी माणसं तिच्या वाटेला जातच नव्हती. ती गवतातून सरळ येत होती आणि इथं येऊन उभी राहत होती. मी वाकून हात टेकवला. सकाळचे नऊ वाजले होते, गवत गार होतं आणि हा तुकडा मात्र कोमट लागला, कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

जागा बघणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं मी बागा लावते. बागा माळी लावतात. मी त्याच्याआधी जाऊन नुसती बसते. ऊन कुठून येतं आणि कुठं रेंगाळतं, पाणी पडलं तर कुठल्या बाजूला धावेल, वारा कुठल्या कोपऱ्यात अडतो, कुठून काय दिसतं, माणसं कुठं चालतात आणि कुठं थबकतात. एकेका गोष्टीचा एकेक पातळ कागद, मग ते सगळे एकमेकांवर ठेवायचे आणि खिडकीच्या काचेला लावून बघायचे. पहिला दिवस जागेचा, आपण तोंड उघडायचं नाही, असं मी हाताखालच्या लोकांना सांगते. माणसं जिथून चालतात तिथंच वाट असते, आपण आखतो ती नुसती फरशी, असंही सांगते. हे सांगताना मला माझाच आवाज फार आवडतो, हे कबूल केलेलं बरं.

आवार वृद्धनिवासाचं होतं. तो चालवणाऱ्या बाई चटपटीत, स्वच्छ, मनानं वाईट मुळीच नाहीत. दुपारी चार वाजले की निम्मी माणसं इथं फाटकाशी येऊन उभी राहतात, त्या सांगत होत्या. चहाला हाक मारली तरी हलत नाहीत, पाय सुजतात, आणि कुणी आलं नाही की रात्रीचं जेवण जात नाही. तेव्हा इथं दाट झुडपं लावून टाका, फाटक दिसायलाच नको. दिसलं नाही म्हणजे आठवण नाही. मी मान डोलावली आणि त्या तुकड्याभोवती पेन्सिलीनं तुटक रेघ मारली. आमच्या नकाशात जे ठेवायचं ते सलग रेघेत काढतात, जे काढून टाकायचं ते तुटक. हात आपोआप चालतो, वीस वर्षांची सवय. कागद गुंडाळताना बाई म्हणाल्या की तळमजल्यावरची ती पूर्वेची खोली त्या शनिवारपर्यंतच राखून ठेवू शकतील, रांग आहे, तुमचं म्हणून थांबलेय. तो बुधवार होता. खोली माझ्या बाबांसाठी होती.

दादानं फोनवरून सगळं ठरवत आणलं होतं. तो दूरच्या शहरात असतो, वर्षातून दोनदा येतो, येताना बाबांसाठी लोकरीचे मोजे आणतो. खोली चांगली आहे, डॉक्टर आवारात आहेत, शिवाय बाग तूच करतेयस, म्हणजे घरचंच झालं की, असं तो म्हणाला. मग तो जरा थांबून म्हणाला, मी लांब आहे हे खरं, पण तू जवळ असून काय, नऊला जातेस, साडेसहाला येतेस. हे मला झोंबलं. खरं बोललेलंच झोंबतं. खोटं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. मी म्हटलं, शनिवारी सांगते.

बाबा जमीनमोजणीत होते, उभा जन्म. साखळी, टेप, तिपाईवरची दुर्बीण, उन्हानं रापलेली मान. सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे. टेपचं दुसरं टोक धरून मी मागं मागं असायची, म्हणून माझं नाव शेपूट. घरात, शेजारी, पुढं माझ्या लग्नात आणि लग्न मोडल्यावरही, शेपूट. मी टोक धरून वाळलेल्या गवतात उभी असायची, टेप ताणली गेली की तळहातात थरथर यायची, तेवढ्यावरून मला कळायचं की त्या टोकाला बाबा आहेत. मध्ये उंच गवत, ते दिसायचे नाहीत, पण थरथर यायची. एकदा त्यांनी मला मोकळ्या मैदानात शंभर पावलं चालायला लावलं, मग ते अंतर मोजून शंभरानं भागलं आणि माझ्या वहीत लिहून दिलं: शेपटीचं पाऊल, एकावन्न सेंटिमीटर. माणसाला आपलं पाऊल ठाऊक पाहिजे, म्हणाले, टेप घरी विसरते, पाऊल विसरत नाही. त्यांचं पाऊल पंचाहत्तर. ते कधी चुकलं नाही. आई म्हणायची, यांना किराणा आणायला पाठवलं तर बाजार मोजून येतील आणि साखर विसरतील. आम्ही या घरात राहायला आलो त्या दिवशी सामान अजून दारात होतं, आणि बाबा पलंग लावून, पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत चालून आले. अकरा, ते म्हणाले, जणू कुणीतरी त्यांना बक्षीस दिलं होतं. पुढं कितीतरी वर्षं वीज गेली की ते अंधारात उठून मोजत जायचे आणि अकराव्या पावलाला त्यांचा हात बरोबर कडीवर पडायचा.

गेल्या वर्षी एक दिवस ते म्हणाले, घर वाढलंय. बारा पावलं झाली. मला हसू आलं. पुढं चौदा झाली, सोळा झाली, शेवटी एकोणीस. ते गंभीर होत गेले. भिंतींना हात लावून बघायचे, कोपऱ्यांत वाकून तडे शोधायचे, जमीन सरकतेय म्हणायचे, वरच्या साहेबांना कळवलं पाहिजे. मी ही गोष्ट दोन-तीन ठिकाणी चहाबरोबर विनोद म्हणून सांगितली. लोक हसले, मीही हसले. आणि मग परवा ऑफिसात दुसऱ्याच कुठल्या तरी नकाशाचं माप बदलत असताना माझ्या हातानं समासात एक भागाकार केला. पंचाहत्तरची अकरा पावलं म्हणजे सव्वाआठ मीटर, भागिले एकोणीस. त्रेचाळीस. माझं आठ वर्षांच्या वयातलं पाऊलसुद्धा याच्याहून मोठं होतं. आयुष्यभर स्वतःच्या पावलावर विश्वास ठेवलेल्या माणसाला पाऊल आखडलं असं वाटूच शकत नव्हतं. त्यापेक्षा घर लांबलं हे त्यांना शक्यतेतलं वाटलं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ बाहेरच्या भिंतीवरचं ऊन बघत बसले. ते बोटबोट वर चढत होतं आणि शेवटी पत्र्यावर गेलं.

बुधवारी मी घरी आले तेव्हा बाबा दारामागं उभे होते. ते रोजच असतात. किल्ली फिरवून दार ढकललं की ते एक पाऊल मागं सरतात आणि आपण इथं सहजच आलो होतो असं दाखवतात. मी चपला काढायला वाकले आणि पायपुसणं दिसलं. मधोमध धागे निघून खालची जमीन दिसत होती. वर्षात हे तिसरं. मागच्या दोन वेळा मी दुकानदाराला जाऊन झापलं होतं, कसला माल ठेवता म्हणून. दाराच्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला तळहाताएवढा काळपट डाग होता. तो पुसून टाकायला मी रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं. तिथंच मी वाकलेली राहिले, एक चप्पल हातात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सगळ्या गावाच्या पायवाटा वाचत हिंडणारी मी, आणि माझ्या उंबऱ्याशी एक माणूस उभं राहून राहून पायपुसणं झिजवतंय ते मला दिसलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू दुपारी त्यांना जेवायला वाढून जातात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, अगं, ते तर तू गेलीस की लगेच उभे राहतात. तुला ठाऊक आहे असं वाटलं.

चहा झाल्यावर मी हॉलमध्ये माझ्या टेबलावर कागद पसरला. बाबांना आता माणसांची नावं सापडत नाहीत, कालवणात मीठ पडलं की नाही कळत नाही, पण नकाशा उघडला की ते येतात. आले, आधी उत्तर दिशेचा बाण शोधला, कागद फिरवून घराच्या उत्तरेशी जुळवून घेतला. मग त्यांचं बोट उतारावरून खाली आलं, इमारतीला वळसा घालून, वाटेनं न जाता गवतातून तिरकं, आणि फाटकाजवळच्या तुटक रेघेवर थांबलं.

"हे का काढतेस?"

"तिथं काही नाहीये बाबा. नुसती माती आहे."

"नुसती माती असती," ते म्हणाले, "तर तू मोजली कशाला असतीस?"

ते बोट तिथंच ठेवून उभे राहिले, जसं काही ते उचललं तर जागा हरवेल. मला त्या कोमट मातीची आठवण झाली. नंतर मी भांडी घासत असताना ते आतून बाहेर चालत आले, ओठ हलत होते. एकोणीस, ते म्हणाले, आज पण एकोणीस. आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी करावं.

शुक्रवारी दुपारी मी त्यांना घेऊन गेले. जागा दाखवायची, एवढंच सांगितलं. नोकरीतला शब्द होता, त्यांनी लगेच कोट घातला. पूर्वेच्या खोलीत स्वच्छ चादर होती, खिडकीत पिवळट उजेड, भिंतीला नव्या रंगाचा वास. बाई आम्हाला सोडून दारात थांबल्या. बाबा पलंगावर बसले, हातांनी गादी दाबली, उठले आणि चालायला लागले. मी बघत होते. त्यांचा पाय जेमतेम उचलला जात होता, टाच पुढच्या अंगठ्याला शिवेल की काय असं वाटत होतं. लांबट खोली होती. दारापाशी पोचून त्यांनी कडीवर हात ठेवला आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की गेल्या वर्षभरात मी तो पाहिला नव्हता. सामान दारात असतानाचा तो चेहरा.

"अकरा," ते म्हणाले. "हे घर बरोबर आहे. सरकलेलं नाही."

बाई आनंदल्या. त्यांना काय ठाऊक. मीही आनंदले, खोटं कशाला बोलू. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. कुणी निर्णय घेतलाच नव्हता, जागेनंच घेतला होता, आणि मी तर जागेचं ऐकणारी. माझ्या पिशवीत टेप होती. ती काढून बाबांना दाखवावं की ही खोली जेमतेम पावणेपाच मीटर आहे, चूक घराची नाही, असंही क्षणभर मनात आलं. पण मी ती काढली नाही. मी सोमवारपासूनची सकाळ डोळ्यांसमोर आणली, दार ओढून घेताना मागं कुणी नाही, पायपुसणं आपलं शाबूत. ती सकाळ मला बरी वाटली. नंतर त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली, पण आधी बरं वाटलं हे खरं.

बाईंनी प्रवेशाचे कागद आणते म्हटलं आणि त्या आत गेल्या. चार वाजत आले होते. बाबा बाहेर पडले होते. मी धावत व्हरांड्यात आले तर ते पायऱ्या उतरून फरशीच्या वाटेकडे न बघता सरळ गवतात शिरले होते, त्या तिरक्या बारीक वाटेवरून, जन्मभर तिथंच राहिल्यासारखे. फाटकाशी चौघं आधीच उभी होती. एक उंच आजी, हातात पर्स घट्ट धरलेली. तीन म्हातारे, एकाच्या शर्टाची बटणं वरखाली लागलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाबा आले तशी ती थोडी थोडी सरकली आणि मध्ये एक जागा झाली. बाबांनी तिथं पाय ठेवले. ऊन पश्चिमेकडून थेट तोंडावर येत होतं, सगळ्यांनी डोळे बारीक केलेले. रस्त्यावरून एक गाडी आली तशी पाचही माना वळल्या, गाडी गेली, माना परत आल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पायाखालची माती शिळेसारखी होती. खूप वेळ गेला असेल किंवा मुळीच गेला नसेल. ऊन, धूळ, कुणाच्या तरी कपड्यांना येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास. मग बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत परक्याशी बोलतानाची अदब होती.

"आमची मुलगी साडेसहाला येते," ते म्हणाले. "तुमचं कोण यायचंय?"

मी इथंच आहे, मीच ती, असं ओरडावंसं वाटलं. पण त्यांनी इतक्या आपुलकीनं विचारलं होतं.

"माझे बाबा," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. "येतील," ते म्हणाले. "उभ्या राहा."

मी उभी राहिले. टेपचं टोक हातात धरून उंच गवतात उभी राहायची तशी. आणि मला कळलं की इथली ही माती झुडपांनी झाकली काय, बाक ठेवून सजवली काय, माणसं काही फाटकासाठी येत नव्हती. ज्याच्याकडे वाट जाते ते काय आहे हा पहिला प्रश्न, तो मी प्रत्येक जागेला विचारते. इथं त्याचं उत्तर मी होते, माझ्यासारखी आणखी चारजणं होती, आणि आम्ही सगळे नकाशाबाहेर होतो. बाई कागद घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं की खोली रांगेतल्या पुढच्या माणसाला द्या. झुडपंही लावणार नाही. हा तुकडा असाच राहील, पाठ टेकायला बाक येईल आणि पश्चिमेला एक डेरेदार झाड, चारच्या उन्हासाठी. आणि ती शेवाळलेली फरशी उखडून इथं तिरकी टाकायची. त्या म्हणाल्या, अहो पण मग ती रोजच येऊन बसतील. मी म्हटलं, येतातच की. त्यांनी कागद छातीशी धरले आणि बघू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी बाबा आंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्यांची ओली पावलं जमिनीवर उठली. ती वाळायच्या आत मी गुडघ्यांवर बसून टेप लावली. बेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. ते काकूंकडे पेपर वाचायला गेले, म्हणजे पेपर हातात धरून बसायला. मी हॉलमधलं माझं टेबल आतल्या खोलीत ढकललं. पलंगाच्या पायांखाली जुनी चादर सारली आणि ओढत ओढत तो बाहेर आणला. कंबरेचा काटा ढिला झाला, पण आणला. बाहेरच्या दारापासून चार मीटर त्र्याहत्तर. दोनदा मोजलं. तेवढ्यात दादाचा फोन आला. मी सांगितलं की खोली नको, मी ऑफिसचं काम घरी आणतेय, जागा बघायला जायचं तेव्हा त्यांना बरोबर नेईन. तो म्हणाला, किती दिवस हे चालणार? मी म्हटलं, पाऊल आखडत जाईल तसा पलंग दाराकडे सरकवत जायचा. त्याला काही कळलं नसावं, किंवा सगळंच कळलं असावं. मग म्हणाला, पलंग एकटी ओढू नकोस, मी येतो पुढच्या आठवड्यात. मला रडू आलं आणि रागही आला, इतकी वर्षं हे कुठं होतं म्हणून.

जेवण झाल्यावर बाबा नव्या जागी कुरकुर न करता झोपले. मी आतल्या खोलीत टेबलाशी बसून फाटकाजवळची तुटक रेघ खोडली आणि त्याच जागी सलग रेघ ओढली. खोडलेल्या रेघेचा थोडा ठसा राहिलाच. दुपारचा उजेड भिंतीवरून सरकत होता. बाहेर पलंग करकरला. पावलं ऐकू आली, घासत, मोजत. मी श्वास धरून मोजत होते, त्यांच्याबरोबर, ओठ न हलवता. अकराव्याला कडी वाजली. मी उठून दारात आले. त्यांनी दार सताड उघडलं होतं, एक हात चौकटीवरच्या त्या काळपट डागावर. ते घराकडे वळून बघत होते, छताकडे, कोपऱ्यांकडे, पलंगाकडे, हिशेब जुळल्यासारखे. आलं जागेवर, ते स्वतःशीच म्हणाले. मग मी सकाळीच आणून टाकलेल्या नव्या पायपुसण्यावर पाय जुळवून उभे राहिले आणि बाहेर बघायला लागले.

"ती किती वाजता येते?" त्यांनी विचारलं.

"आले, बाबा."

त्यांनी मान वळवली. खूप वेळ बघितलं, उतारावर दूर ठेवलेली खूण शोधावी तसं.

"शेपूट," ते म्हणाले, "मग दार लावून घे. वारा येतोय."